तबकडीवरले शेजारी

आमच्या बिद्रीचे नाव चार लोकांत निघते ते साखर कारखान्यामुळे. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांची नावे लावून तो उभा आहे. दिवाळी सरली की त्याचे बॉयलर पेटतात, मळीचा वास गावावर उतरतो, आणि बीडकडून ऊसतोडीची बिऱ्हाडे येऊन मोकळ्या रानात कोप्या घालतात. कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणारी एस. टी. इथे क्षणभर थांबते आणि मुदाळ तिट्ट्याच्या दिशेने निघून जाते. अशा गावच्या मास्तराने अमेरिकेतल्या एका आंधळ्या कृष्णवर्णी गवयावर लेख लिहावा हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. मलाही वाटले होते. कादंबऱ्या लिहितो म्हणून आमच्या घरी माझ्या डोक्याविषयी आधीच शंका आहे. हा लेख लिहायला बसलो तेव्हा मंडळींनी ती बोलूनही दाखवली.

परंतु हा गवई माझ्याकडे आला तो आपल्या कोल्हापूरच्याच वाटेने. कसा तो सांगतो.

पाचवीच्या वर्गाला मी सूर्यमाला शिकवीत होतो. पोरांना ग्रहांची नावे पाठ होतात, पण त्यात त्यांना रस नसतो. म्हणून मी त्यांना व्हॉयेजर यानांची गोष्ट सांगायची ठरवली आणि आदल्या रात्री थोडी तयारी करायला बसलो. अमेरिकेच्या नासा या संस्थेने १९७७ साली दोन याने आकाशात सोडली: दुसरे २० ऑगस्टला आणि पहिले ५ सप्टेंबरला. दुसरे आधी आणि पहिले मागून, हा क्रम पोरांना फार आवडला. गुरू, शनी पाहत ती पुढे निघाली आणि सूर्याचा अंमल जिथे संपतो ती वेसही ओलांडून गेली. पहिल्याने ती २०१२ साली ओलांडली, दुसऱ्याने २०१८ साली. पहिले यान आज आपल्यापासून चोवीसशे कोटी किलोमीटरांहून दूर आहे आणि माघारी यायचे नाही.

या दोन्ही यानांना सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी लावली आहे. आपल्या जुन्या फोनोच्या तबकडीसारखीच. कधी कुणा परक्या लोकीच्या जिवांना ती सापडलीच, तर पृथ्वीवर कोण राहत होते ते त्यांना कळावे हा हेतू. तिच्यावर ५५ भाषांतून नमस्कार-चमत्कार आहेत. त्यांत एका बाईच्या आवाजात आपला मराठी नमस्कारही आहे. आणि सबंध पृथ्वीवरून वेचून घेतलेल्या २७ संगीतरचना आहेत. भारताच्या वाट्याला त्यांतली एकच आली. ती आहे सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी, ‘जात कहाँ हो’.

हे मला ठाऊक नव्हते. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलो, वाढलो. केसरबाईंच्या गाण्याचा उगम जिथला, त्या शहराचे पाणी पिऊन मोठा झालो. तरी ठाऊक नव्हते. रात्री अंगणात बसून मोबाइलवर मी ती भैरवी लावली. साडेतीन मिनिटांचे काम. ती संपली आणि मी बंद करणार, तोच त्या क्रमातली पुढची रचना आपोआप सुरू झाली. शब्द नव्हते. एक माणूस नुसता हुंकारत होता, आणि एका तारेवर काहीतरी घासल्यासारखा सूर त्या हुंकाराच्या मागे मागे येत होता. क्षणभर मला वाटले, कोप्यांतले कुणी म्हातारे माणूस झोपेत कण्हते आहे.

तो ब्लाइंड विली जॉन्सन. केसरबाईंचा तबकडीवरला शेजारी.

त्याची हकिगत सांगण्याआधी तो ज्या गाण्यातून आला त्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्या गाण्याला ब्लूज म्हणतात. इंग्रजीत उदास मनाला निळे म्हणण्याची चाल आहे, त्यावरून हे नाव पडले. आफ्रिकेतून जहाजांच्या तळाशी साखळ्या घालून आणलेल्या माणसांची नातवंडे-पतवंडे कापसाच्या रानांत जे गात होती, त्यातून ते आले. १८६५ साली अमेरिकेतले यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरी कायद्याने गेली. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांच्या सुटकेसाठी खस्ता खाल्ल्या. पुण्यात बसलेल्या माणसाला तिकडच्या दास्याची आणि इकडच्या दास्याची नाळ एकच दिसली, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. पण कायदा झाला म्हणून पोट भरत नाही. जमीन जुन्या मालकाचीच राहिली. काळा माणूस तिच्यावर वाटेकरी झाला, बियाण्याच्या आणि दुकानाच्या उधारीत गळ्याइतका बुडाला. पाणी पिण्याचे नळ वेगळे, आगगाडीचे डबे वेगळे, शाळा वेगळ्या. उचल घेऊन कोयता हाती धरणाऱ्या आमच्याकडच्या जोडप्यांना ही उधारीची गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

१९०३ च्या सुमारास डब्ल्यू. सी. हँडी नावाचा एक शिकलेला बँडवाला मिसिसिपी राज्यातल्या टटवायलर स्टेशनावर रात्रीच्या गाडीची वाट पाहत पेंगत बसला होता. शेजारी एक फाटका माणूस गिटारीच्या तारांवर चाकू घासून वाजवीत होता, आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होता. हँडीने पुढे लिहून ठेवले, की इतके विलक्षण संगीत त्याने पूर्वी कधी ऐकले नव्हते. पुढे त्यानेच ब्लूजची गाणी छापून जगभर नेली. स्टेशनावरचा तो माणूस कोण, हे कुणी विचारले नाही.

या गाण्यात एक ओळ म्हणतात, तीच पुन्हा म्हणतात, आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावतात. आणि स्वर? आपल्याकडच्या कानाला ते परके वाटू नयेत. पाश्चात्त्यांच्या पेटीत गंधार एक तर कोमल असतो, नाही तर शुद्ध. ब्लूज गाणारा त्या दोहोंच्या मधल्या फटीत सूर लावतो. त्यांचे पंडित या सुराला निळा सूर म्हणतात. आमच्या गवयांनी श्रुती म्हणून मान हलवली असती. पेटीच्या पट्ट्यांत न सापडणारा सूर काढायचा म्हणून तर ते गिटारीवर पट्ट्या दाबीत नाहीत. चाकूचे पाते किंवा बाटलीचा गळा तारेवरून सरकवतात. म्हणजे ही मींडच झाली.

आता विली जॉन्सन. त्याला ब्लूजचा गवई म्हणतात खरे, पण त्याच्यासमोर कुणी तसे म्हटले असते तर त्याने काठी उगारली असती. तो फक्त देवाची गाणी गाई. ब्लूज हे दारूच्या गुत्त्यातले, सैतानाचे गाणे, अशी त्याच्या देवळातल्या मंडळींची समजूत होती. जन्मभर माळ न उतरवलेल्या वारकऱ्याला कुणी फडावरचा गडी म्हटले तर त्याला जसे लागेल, तसे त्याला लागले असते. (फड आणि दिंडी यांत मी स्वतः उच्चनीच मानीत नाही. पण मानणाऱ्यांच्या भावना असतात.) गंमत ही, की त्याच्या बोटांना हा भेद ठाऊक नव्हता. शब्द देवळातले, तार गुत्त्यातली.

१८९७ साली टेक्सास राज्यात त्याचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली. बापाने सिगारेच्या खोक्याची गिटार करून दिली होती. बापाने दुसरे लग्न केले. सातएक वर्षांचा असताना पोराचे डोळे गेले. त्याची हकिगत त्याच्या बायकोने पुढे सांगितली ती अशी: नवराबायकोचे कडाक्याचे भांडण झाले, आणि बापावरचा राग सावत्र आईने पोरावर काढला, कपडे धुण्याच्या तीव्र क्षाराचे पाणी त्याच्या तोंडावर फेकले. दुसऱ्याही हकिगती सांगतात. ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिल्याचीही एक आहे. कशाने का होईना, पोरगे आंधळे झाले. मग बाप त्याला हर्न नावाच्या गावी घेऊन जाई, रस्त्याच्या कडेला उभे करी आणि आपण कामावर जाई. पोराने दिवसभर गावे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पेल्यात काही टाकावे. त्याचे एकच छायाचित्र आज उपलब्ध आहे. त्यात तो गिटार घेऊन बसला आहे, आणि गिटारीच्या मानेला पत्र्याचा पेला बांधलेला आहे.

त्याच्याजवळ दोन आवाज होते. एक साधा, गोड. दुसरा घशाच्या तळातून खरवडून काढलेला, खडबडीत, एखाद्याने विहिरीत उतरून बोलावे तसा. रहदारीच्या रस्त्यावर गाणाऱ्याला असा आवाज कमवावा लागतो. आपल्या पोवाडे गाणाऱ्यांना तो ठाऊक आहे. आणि गिटार ही त्याची झीलकरी. तो ओळ सुरू करी, शेवटचा शब्द गिळून टाकी, आणि तो शब्द गिटार म्हणे.

१९२० साली मॅमी स्मिथ या काळ्या गायिकेची ब्लूजची तबकडी अमाप खपली, तेव्हा तबकड्यांच्या कंपन्यांना शोध लागला की काळी माणसेही पैसे मोजून गाणी विकत घेतात. मग त्यांनी काळ्यांसाठी वेगळ्या तबकड्या काढल्या. नळ वेगळे, डबे वेगळे, तशा तबकड्याही वेगळ्या. कोलंबिया कंपनीची माणसे यंत्र घेऊन दक्षिणेत फिरू लागली. ३ डिसेंबर १९२७ या दिवशी डॅलस शहरात विली जॉन्सन त्या यंत्रापुढे बसला आणि एका दिवसात सहा बाजू भरून मोकळा झाला. त्यातली एक बाजू म्हणजे आज आकाशात असलेली ती रचना. पहिल्या तबकडीच्या १५ हजारांच्या आसपास प्रती निघाल्या. १९३० पर्यंत डॅलस, न्यू ऑर्लिन्स, अटलांटा अशा ठिकाणी मिळून तीस बाजू झाल्या. मग मंदी आली, लोकांना भाकरीची भ्रांत पडली, कंपनीची माणसे यायची थांबली. विली पुन्हा रस्त्यावर.

न्यू ऑर्लिन्सची एक आख्यायिका मला फार आवडते. बायबलातल्या सॅमसन नावाच्या बलवान वीराचे डोळे शत्रूंनी काढले, आणि त्याने शेवटी त्यांचे मंदिर खांबांसकट खाली ओढले. त्याचे एक गाणे विली गात असे. माझे चालले तर ही इमारत पाडीन, अशा अर्थाचे. तो नेमका जकात कचेरीच्या दारात उभा राहून ते गाऊ लागला. दारावरच्या शिपायाला वाटले, हा लोकांना चिथावतो आहे. त्याने धरून आत घातले. खरे-खोटे देव जाणे. पण आंधळ्याने आंधळ्याचे गाणे म्हटले, आणि सरकारी कचेरी घाबरली!

आता त्या बाजूविषयी. नाव भले लांबलचक आहे. त्याचा अर्थ एवढाच, की रात्र काळोखी होती आणि भुई थार होती. एका अठराव्या शतकातल्या इंग्रजी स्तोत्राचे हे पहिले शब्द. ख्रिस्ताला धरून नेले त्याच रात्री, त्याआधी, तो बागेत एकटा जमिनीवर टेकून प्रार्थना करीत होता, शिष्य झोपी गेले होते; त्या रात्रीचे ते वर्णन. दक्षिणेतल्या काळ्या मंडळ्यांत म्हातारीकोतारी हे स्तोत्र ओढून ओढून म्हणत. एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती हेलकावे देत घोळवायची. विलीने काय केले, तर शब्दच टाकून दिले. ज्याला स्तोत्र ठाऊक आहे त्याला शब्द लागत नाहीत, ज्याला ठाऊक नाही त्याला ते देऊन उपयोग नाही. उरला तो हुंकार.

ही तबकडी आकाशात पाठवण्याच्या मंडळाचे प्रमुख कार्ल सेगन हे मोठे ज्योतिर्विद होते. या रचनेविषयी जे लिहिले गेले त्याचा आशय असा, की अंधार पडतो आहे आणि निजायला जागा नाही, हा प्रसंग या गवयावर अनेकदा आला होता, आणि माणूस पृथ्वीवर आल्यापासून अशी एकही रात्र गेली नसेल की ज्या रात्री कुणावर तो प्रसंग आला नाही.

हे वाचले आणि मी मोबाइल खाली ठेवला. त्याचे कारण सांगतो. ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करता यायचा नाही.

दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढाची झड लागली होती. तेव्हा मी ज्या शाळेत होतो तिच्या व्हरांड्याला लोखंडी जाळीचे दार होते, आणि किल्ली माझ्याकडे असे. संध्याकाळी कुलूप घालून मी निघालो, तोच एक आंधळा म्हातारा आणि त्याचा हात धरून चालणारी एक बाई फाटकाशी आली. म्हाताऱ्याच्या खांद्याला एकतारी, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. आपण भिजत होता आणि एकतारी कोरडी. त्याला मी ओळखले. आठवडी बाजारात तो चिलीम-तंबाखूवाल्यांच्या रांगेशी बसून भजने म्हणे, आणि मी एकदोनदा थांबून ऐकली होती. बाई म्हणाली, “मास्तर, रातभर व्हरांड्यात पडतो. फाटंचं उठून जातो.” दुसऱ्या दिवशी शाळा तपासणी होती. फरशी पोरांकडून धुऊन घेतली होती, भिंतीवर तक्ते लावले होते. मी म्हणालो, “देवळात जावा.” देवळाचे बांधकाम काढले होते आणि गाभाऱ्यापुढे पत्रे ठोकले होते, हे मला ठाऊक होते. म्हातारा काही बोलला नाही. बाई म्हणाली, “बरं.” ती दोघे वळली. मी छत्री उघडली.

दुसऱ्या दिवशी तपासणी चांगली झाली. तो म्हातारा पुढे बाजारात दिसला नाही. एवढेच.

विलीचा शेवट असा झाला. तो बोमाँट या गावी राहत होता, घरातच प्रार्थनेची जागा केली होती आणि प्रवचने करी. १९४५ साली त्या घराला आग लागली. जायला दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून नवराबायको त्या जळक्या घरातच राहिली. आग विझवताना सगळे भिजले होते. ओल्या बिछान्यावर वर्तमानपत्रे घालून दोघे निजली. त्याला थंडी भरली. बायकोने त्याला इस्पितळात नेले. आंधळा म्हणून त्यांनी घेतले नाही, असे तिने पुढे सांगितले. १८ सप्टेंबर १९४५ रोजी तो वारला. दाखल्यावर हिवतापाची नोंद आहे. काळ्यांच्या स्मशानात त्याला पुरले. वर दगड नव्हता. २०१० साली लोकांनी तिथे स्मृतिशिला बसवली, पण त्या स्मशानातल्या कोणत्या मातीखाली तो आहे ते नक्की सांगता येत नाही.

पुढे सॅम्युअल चार्टर्स नावाचा एक संशोधक विचारीत विचारीत बोमाँटला पोहोचला आणि त्याला विलीची विधवा अँजेलिन भेटली. वर आलेल्या बऱ्याच हकिगती तिच्या तोंडच्या. काही तबकड्यांवर विलीच्या मागे एका बाईचा आवाज आहे. चार्टर्सने तो अँजेलिनचाच धरला. पुष्कळ वर्षांनी उमगले की तो तिचा नव्हे, आधीच्या सहचारिणीचा, विली बी. हॅरिस हिचा. तोवर ती बाई आपल्याच आवाजाला परकी होऊन बसली होती. गाणाऱ्याचा हात धरून चालणाऱ्या बायांची नावे कोण लिहून ठेवतो?

आता कोल्हापूरची बाजू.

केसरबाई १८९२ साली गोव्यातल्या केरी गावी जन्मल्या, कलावंत घराण्यात. देवापुढे गाणे हा त्या घराण्यांचा वंशपरंपरेचा हक्क आणि वंशपरंपरेचा डागही. ज्यांनी रात्री टाळ्या द्यायच्या त्यांनीच सकाळी तोंड फिरवायचे, ही त्या काळची रीत. आठ वर्षांच्या केसरला घेऊन घरची मंडळी कोल्हापूरला आली ती गाणे शिकवायला. अब्दुल करीम खाँ तेव्हा तिथे होते. त्यांच्याकडे आठेक महिने तालीम झाली. पुढे गोव्यात रामकृष्णबुवा वझे, मग मुंबईत भास्करबुवा बखले. गुरू टिकेनात, कुणी गाव सोडी, कुणाला सवड नसे. आणि मुंबईच्या एका मैफलीत त्यांची अशी फजिती झाली, की अल्लादिया खाँसाहेबांशिवाय दुसऱ्या कुणाकडे शिकायचे नाही असा त्यांनी हट्ट धरला, असे सांगतात.

अल्लादिया खाँ म्हणजे कोल्हापूरचे भूषण. राजस्थानात उनियारा इथे जन्मलेला हा माणूस शाहू महाराजांच्या दरबारी गवई झाला, आणि जयपूर-अत्रौली गायकी आमच्या पंचगंगेकाठी रुजली. तरुणपणी एका संस्थानिकासाठी अतोनात गाऊन त्यांचा आवाज बसला होता. तो पूर्वीसारखा कधीच झाला नाही. मग त्या मोडक्या आवाजाला पेलेल अशी, गुंतागुंतीच्या चालीची नवी गायकी त्यांनी घडवली. विलीच्या खरवडलेल्या गळ्याविषयी वाचताना मला हीच गोष्ट आठवली.

एका धनिकाने मध्यस्थी केली, अटी ठरल्या, आणि १९२१ साली केसरबाईंनी खाँसाहेबांचा गंडा बांधला. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. या वयात पुन्हा पहिलीत बसायचे! दिवसाचे आठ-आठ, दहा-दहा तास एकेक पलटा. १९४६ साली खाँसाहेब गेले तोवर ही तालीम चालू होती. शाहू महाराज १९२२ साली वारल्यावर खाँसाहेबांनी मुंबई जवळ केली. गायकी मात्र कोल्हापूरचीच म्हणून ओळखली गेली. त्यांचे पुत्र भूर्जी खाँ कोल्हापुरात शिकवीत राहिले. केसरबाईंनी पुढे आपली म्हणून जी एक शिष्या तयार केली, त्या धोंडूताई कुलकर्णी मूळच्या कोल्हापूरच्याच.

केसरबाईंचा दरारा होता. आपल्या अटींवर गात. ध्वनिमुद्रणाचा त्यांना तिटकारा. आपली विद्या यंत्रात घालून हाटात मांडणे त्यांना मानवत नसे. यामुळे त्यांची मुद्रिते मोजकीच राहिली. ज्या घराण्यातल्या बायकांना मागल्या दाराने बोलावीत, त्या घराण्यातली ही बाई पुढल्या दाराने आली आणि लोकांना उभे राहायला लावून गेली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान, १९६९ साली पद्मभूषण. केरीला त्यांच्या वास्तूच्या जागी आज शाळा आहे, आणि तिला त्यांचेच नाव आहे. मास्तर म्हणून मला त्या पद्मभूषणाहून हे अधिक वाटते.

व्हॉयेजरची तबकडी तयार होत होती तेव्हा रॉबर्ट ब्राऊन या संगीतज्ञाने केसरबाईंच्या या भैरवीचा आग्रह धरला. पण ती मुद्रिका बाजारात मिळेना. मंडळातल्या ॲन ड्रुयान यांनी सगळे न्यूयॉर्क पालथे घातले. शेवटी लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाचे विजेच्या सामानाचे दुकान होते, तिथे पत्त्यांच्या टेबलाखाली एका खोक्यात तीन प्रती निघाल्या. चोवीसशे कोटी किलोमीटरांचा प्रवास त्या टेबलाखालून सुरू झाला. ड्रुयानबाईंनी तीनही प्रती उचलल्या.

५ सप्टेंबर १९७७ ला यान उडाले. १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत वारल्या. मध्ये अकरा दिवस. हुंकार भरणारा विली त्यापूर्वी बत्तीस वर्षे बोमाँटच्या मातीत होता.

तबकडीवर आधी केसरबाई, मग विली, मग बीथोव्हेन, आणि तिथे तबकडी संपते. आपल्याकडे मैफलीची भैरवी झाली की पुढे कुणी गात नाही. भैरवीनंतर गायला बसणे हा उद्धटपणा. अल्लादिया खाँसाहेबांच्या पंक्तीत कुणाची छाती झाली नसती. केसरबाईंना विचारले असते तर त्यांनी कपाळाला आठी घातली असती, आणि हा कोण म्हणून चौकशी केली असती. विलीनेही, ही बाई देवाचे गाते की कृष्णाच्या छेडाछेडीचे, हे आधी विचारून घेतले असते. आणि उत्तर ऐकून दोन पावले मागे सरला असता. पण क्रम लावणाऱ्यांना आपला शिष्टाचार ठाऊक नव्हता, हे बरेच झाले. भैरवीचा शेवटचा कोमल सूर विरतो न विरतो तोच तार घासली जाते. ऐकताना सांधा लागत नाही. दोन्ही बाजू तीन-साडेतीन मिनिटांच्या, कारण जुन्या तबकडीत त्याहून अधिक मावतच नसे. दोघांनीही रात्रभर पुरेल एवढे गाणे त्या तीन मिनिटांत कोंबले आहे.

दुसऱ्या दिवशी मी हे दोन्ही पाचवीच्या वर्गात ऐकवले. मोबाइल टेबलावर उपडा ठेवून त्यावर पितळेचे भांडे धरले, म्हणजे आवाज मोठा येतो. केसरबाईंना पोरांनी शिस्तीत ऐकून घेतले. त्यांना आवडले असे मी म्हणणार नाही. एकदोघे हसले. विलीचा हुंकार सुरू झाला तेव्हा मी त्यांना त्याचे नाव सांगितले नाही, गावही सांगितले नाही. बाकावर बोटे वाजवणारी थांबली. कोप्यांवरून येणारी एक मुलगी दाराशी बसते. हंगामापुरती ती आमच्या हजेरीपटावर असते, मग जाते. तिने विचारले, “गुरुजी, ह्ये माणूस आजारी हाय का?”

मी म्हणालो, “नाही. त्याला निजायला जागा नाही.”

“मग बाहेरच हाय व्हय?”

“होय. बाहेरच आहे.”

ती पुन्हा ऐकू लागली. बीथोव्हेन ऐकवायचा राहिला. तेवढ्यात घंटा झाली.